मंगरूळ ते मंगळूर

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला ‘निवृत्तीनंतरचं जीवन’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. या विषयावर उपदेश करण्याइतका मी मोठा नाही. म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही नवराबायकोने केलेल्या एका खटाटोपाची हकिकत सांगतो. हिवाळ्यापुरतं राहता येईल असं समुद्राकाठचं एखादं शहर मिळतं का, हे बघायला आम्ही १८ दिवस मंगळूरला राहून आलो.

ही बातमी फुटली तेव्हा आपल्याच ग्रुपवर एकाने लिहिलं होतं, ‘काहून बे, लोकं उन्हायात पयतात, तू हिवायात कायले पयून रायला?’ तो समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याचा प्रश्न बरोबर आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ वर जातो, तेव्हा आम्ही इथंच कूलरसमोर बसतो. हिवाळा तर वऱ्हाडातला सगळ्यात चांगला काळ. तुरीच्या ओल्या शेंगा, वांग्याचं भरीत, रोडगे आणि हुरडा. असं असताना जायचं कशाला?

कारण सौ. चा दमा. मित्रांनो, दर जानेवारीत आपण माझ्या शेतावर हुरड्याला जमायचो. आगटीत गोवऱ्या पेटवून कणसं भाजली जायची, गप्पा रंगायच्या. त्या धुरात तोंडाला पदर लावून कणसं फिरवत कोण बसायचं, ते आठवा. तिला खोकला आला की मी म्हणायचो, ‘थंडीचा आहे, चहा घे.’ असं मी बरीच वर्षं म्हणालो. तीन वर्षांपूर्वी अशाच एका हुरड्याच्या दुसऱ्या रात्री दोन वाजता तिला गाडीत घालून अकोल्याला न्यावं लागलं. वाटेत तिला एक वाक्य पुरं बोलता येत नव्हतं. त्यानंतर माझ्या शेतावर हुरडा का झाला नाही, याचं कारण मी तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतो आहे.

डॉक्टरांनी सांगितलं की थंड, कोरडी हवा, धूर आणि मळणीची धूळ हे तिघे एकदम येतात तो काळ टाळता आला तर बघा. ‘समुद्राकाठी जाऊन राहून बघा. सगळ्यांना मानवतंच असं नाही. काय ते तब्येतच सांगेल.’

मग नकाशा काढला. गोव्यात डिसेंबरात पर्यटकांची गर्दी आणि भाडी आपल्या आवाक्याबाहेरची. चेन्नई, पुद्दुचेरीकडे ऑक्टोबर ते डिसेंबर हाच मोठ्या पावसाचा काळ, त्यात वादळांची धास्ती. पश्चिम किनाऱ्यावर मात्र डिसेंबर ते फेब्रुवारी पाऊस जवळजवळ नसतोच. तिरुवनंतपुरम फार लांब पडलं. मंगळूरला मोठी रुग्णालयं आहेत, वैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि मुंबईहून थेट गाडी आहे. शिवाय नाव आपल्या गावाच्या सख्ख्या भावासारखं! आपलं मंगरूळपीर म्हणजे हयात कलंदरांच्या दर्ग्याचं आणि बिरबलनाथ महाराजांचं गाव. ते मंगळूर मंगलादेवीचं.

मंगळूरची आपली ओळख तशी जुनी. आपल्या वर्गावरची कौलं आठवतात? ती मंगलोरी. पावसाळ्यात गळायची आणि आपण बाक सरकवत बसायचो. १८६० च्या दशकात बासेल मिशनच्या लोकांनी तिथं नेत्रावती नदीच्या मातीतून यंत्रावर कौलं पाडायला सुरुवात केली आणि पुढे ती देशभर गेली.

वाशीमहून अकोला, अकोल्याहून ठाणे, आणि ठाण्याहून दुपारी मत्स्यगंधा एक्स्प्रेस. रात्रभर कोकण रेल्वे, सकाळी मंगळूर. डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. घरून निघताना मी स्वेटर, मफलर, कानटोपी अशा थाटात होतो. मंगळूर स्टेशनावर उतरलो तेव्हा अंगावर सदरा होता आणि तोही घामाने भिजलेला.

इथं मला भूगोलाच्या सरांची माफी मागायची आहे. सर, आपण आज समोर आहात. सहामाहीला प्रश्न होता : ‘कारणे द्या. मुंबईचे हवामान सम आहे, तर नागपूरचे विषम.’ मी लिहिलं, ‘कारण मुंबई समुद्राजवळ आहे.’ आपण दोनपैकी एक गुण दिलात आणि लाल शाईने लिहिलंत, ‘म्हणून काय?’ ते ‘म्हणून काय’ मला कळायला साठी उलटावी लागली.

पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. जमीन भराभर तापते, भराभर निवते. आपल्याकडे दुपारी तीसच्या आसपास असलेला पारा थंडीच्या लाटेत पहाटे दहाच्याही खाली येतो. मंगळूरला तेव्हा दुपारी ३२-३३ आणि रात्री २१-२२. सकाळी दहा-अकरानंतर समुद्रावरून खारे वारे सुटतात, रात्री जमिनीकडून मतलई वारे. हे शब्द आपण पाठ केले होते, पण सौ. ने ते प्रत्यक्ष अनुभवले. चौथ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती शांततेने. तिच्या छातीतली घरघर ऐकू येत नव्हती. मी घाबरून उठलो. ती गाढ झोपली होती.

पण सगळंच गोड झालं असं नाही. पहिल्या आठवड्यानंतर भाडं वाचवावं म्हणून मी तळमजल्यावरची एक स्वस्त खोली घेतली. कपाटामागच्या भिंतीला ओल होती, तिच्यावर काळी बुरशी. तीन दिवसांत सौ. पुन्हा खोकायला लागली. म्हणजे समुद्राची हवा चांगली खरी, पण तीच दमट हवा बंद खोलीत कोंडली की दम्याला वैरीण होते. मग दुसऱ्या मजल्यावर, दोन्ही बाजूंनी वारा येणारी खोली घेतली. भाडं जास्त, जिने चढताना माझे गुडघे दुखायचे, पण तिचा खोकला थांबला. काटकसर कुठं करू नये हे बँकेत पस्तीस वर्षं नोकरी करून मला कळलं नव्हतं.

गावात तुळू, कन्नड, कोंकणी, ब्यारी अशा कितीतरी भाषा. तुळू माणसं आपल्या शहराला ‘कुडला’ म्हणतात. दुकानात हिंदीवर निभतं. आमची घरमालकीण कोंकणी बोलणारी. ती कोंकणीत आणि सौ. वऱ्हाडीत, असा दोघींचा संवाद चाले. त्यातलं निम्मं दोघींना कळायचं आणि उरलेलं हसण्यावारी जायचं. नीर डोसा आम्हाला आवडला. तिथला लाल उकडा तांदूळ पचायला हलका, पण आपल्या तोंडाला तो बसत नाही. घरून ५ किलो ज्वारीचं पीठ नेलं होतं. ते बाराव्या दिवशी संपलं आणि त्या दिवशी मी गप्प होतो.

संध्याकाळी आम्ही सुलतान बत्तेरीला जायचो. तिथून होडीने गुरुपूर नदी ओलांडली की तण्णीरभावीचा किनारा. एक दिवस कद्रीच्या टेकडीवर गेलो. मंजुनाथाच्या मंदिरात इसवी सन ९६८ ची लोकेश्वराची कांस्य मूर्ती आहे. वर टेकडीवर नाथपंथी जोगी मठ आहे. तिथं कळलं की नाशिकच्या दर सिंहस्थानंतर नाथ साधूंची झुंडी त्र्यंबकेश्वरहून पायी निघते, काही महिने चालून कद्रीला पोहोचते आणि मग बारा वर्षांसाठी मठाचा नवा प्रमुख गादीवर बसतो. सौ. म्हणाली, ‘अहो, ते पायी येतात, आपण रेल्वेनं आलो. मग लांब काहून म्हणायचं?’ मला वाटलं, जमलं. आता वर्षभराच्या कराराचं बोलायला हरकत नाही.

चार दिवसांनी संक्रांत आली. तिने तिळगूळ केला, घरमालकिणीला दिला, शेजारच्या दोन दारांवर दिला. त्यांनी प्रेमाने घेतला. मग ती खिडकीत बसून राहिली. मंगरूळला त्या दिवशी आमच्या घरी चाळीस-पन्नास बायका हळदीकुंकवाला येतात. रात्री ती म्हणाली, ‘श्वास इथं मोकळा होतो. पण बोलायला कोण आहे?’ माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मीही दिवसभर तुमचा ग्रुपच बघत बसलो होतो.

परत आल्यावर महिनाभर आम्ही यावर बोललो. ठरलं ते असं. घर घ्यायचं नाही, वर्षाचा करारही नाही. डिसेंबरच्या मध्याला निघायचं, महिनाभर राहायचं आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी घरी पोहोचायचं. उरलेली थंडी औषधावर, बंद खिडक्यांच्या घरात आणि धुरापासून लांब काढायची. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, ‘महिना तर महिना. तेवढा ताण कमी.’ हा निर्णय निम्मा-निम्मा आहे हे मला माहीत आहे. पण तो दोघांचा आहे, आणि या वेळी मी तिला आधी विचारलं.

तुमच्यापैकी कोणाच्या मनात असं काही असेल, तर चार गोष्टी सांगतो. आधी पंधरा-वीस दिवस भाड्याने राहून बघा, घर विकत घेण्याची घाई नको. खोली बघताना कपाट सरकवून भिंतीला हात लावा. पेन्शनवाल्यांनी हयातीचा दाखला नोव्हेंबरातच देऊन मोकळं व्हावं. औषधांच्या चिठ्ठ्या सोबत ठेवा आणि जवळचं रुग्णालय पहिल्याच दिवशी बघून या. आणि शक्य असेल तर जोडीने जा, म्हणजे दोन कुटुंबं मिळून. एवढ्यासाठीच मी हे जाहीरपणे सांगतो आहे. शेजारची खोली रिकामी असते.

हुरडाही पुन्हा सुरू करू या. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, माझ्याच शेतावर. आगटीपाशी आपण पुरुष बसू, कणसं आपण भाजू. सौ. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लांब आंब्याखाली खुर्चीवर बसेल आणि तिला हुरडा तिथं नेऊन द्यायचा.

सर, उत्तर आता पूर्ण लिहिलं आहे. उरलेला एक गुण द्यायचा की नाही, ते आपण ठरवा.