निर्बंध उठले, हिशेब राहिला

करोना कधी सुरू झाला, हे आपल्यापैकी कोणालाही विचारा, झोपेतून उठून सांगेल. संपला कधी, असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

कागदोपत्री उत्तर आहे. 31 मार्च 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि 1 एप्रिलपासून निर्बंध उठले. दुसऱ्याच दिवशी गुढीपाडवा होता, त्यामुळे शोभायात्रेच्या ढोलताशात ती बातमी विरून गेली. मास्क ऐच्छिक झाला. नाक्यावरच्या मार्शलचं दोनशे रुपयांचं पावतीपुस्तक मिटलं. लोकलसाठी दोन डोसांची अट गेली. जागतिक आरोग्य संघटनेने आपली आणीबाणी उठवली ती 5 मे 2023 रोजी, म्हणजे आपल्यानंतर तेरा महिन्यांनी.

आता एक गंमत पाहा. सगळं राबवलं मुंबई महापालिकेने, पण साथ सुरू झाल्याचं किंवा संपल्याचं ठरवणं तिच्या हातात नव्हतं. अधिकार राज्याकडून आयुक्तांकडे आले, ते 1897चा साथरोग कायदा आणि 2005चा आपत्ती व्यवस्थापन कायदा यांच्या आधारे. यातला पहिला कायदा आपल्याच शहरामुळे जन्मला. सप्टेंबर 1896मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि फेब्रुवारी 1897मध्ये कायदा तयार झाला. इतक्या घाईचा की त्यात कलमं अवघी चार. त्याच्या आधारे पुण्यात काय झालं आणि रँडचं काय झालं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्या चार कलमांत ‘तात्पुरते’ नियम करण्याची मुभा आहे. पण तात्पुरतं म्हणजे किती दिवस, साथ ओसरली हे कोणी ठरवायचं आणि ओसरल्यावर कोणाला काय दाखवायचं, याबद्दल कायदा चकार शब्द काढत नाही. माझा आक्षेप आहे तो इथे.

महापालिकेने काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. चोवीस विभागांत चोवीस वॉर रूम उघडल्या, ही मोठीच गोष्ट होती. आधी रुग्ण अहवाल हातात घेऊन खाटेसाठी गावभर फोन लावत बसायचा. मग नियम झाला की प्रयोगशाळेने अहवाल आधी महापालिकेला द्यायचा. तिथून तो विभागात यायचा आणि विभागातून रुग्णाला फोन जायचा: ताप किती, ऑक्सिजन किती, घरात स्वतंत्र संडास आहे का? हा तिसरा प्रश्न मला सगळ्यात शहाणा वाटतो. चाळीत राहणाऱ्याला होम क्वारंटाइनचा शिक्का मारून उपयोग काय? गोरेगावचं नेस्को, मरोळचं सेव्हन हिल्स, आपल्याकडे मुलुंडला रिचर्डसन अँड क्रुडासच्या जागेतलं जम्बो केंद्र, सगळीकडे माणसं याच फोनमुळे पोहोचली.

पण हे सगळं बंद करताना? नगरसेवकांची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली होती. म्हणजे निर्बंध उठले तेव्हा सभागृहच रिकामं होतं. ना स्थायी समिती, ना प्रश्न विचारणारा कोणी. वर्षभराने, मार्च 2023मध्ये, ‘कॅग’चा अहवाल विधिमंडळात आला. त्यात करोनाकाळातल्या सुमारे 3,538 कोटींच्या खर्चाची तपासणी झालीच नाही. महापालिकेने तपशील दिले नाहीत आणि आधार घेतला तो याच साथरोग आणि आपत्ती कायद्यांचा. निर्बंध उठले होते, मार्शल घरी गेले होते, पण हिशेबाच्या फायलीवर मात्र आणीबाणी लागूच होती. कायद्याचा इतका सोयीस्कर उपयोग 1897च्या इंग्रजांनाही सुचला नसता.

पैशांचं एकवेळ सोडा. ऑक्टोबर 2022च्या अखेरीस, आपल्या घाटकोपरच्या पलीकडे, गोवंडीत एकाच वस्तीतली तीन मुलं दोन-तीन दिवसांत दगावली. गोवर. ज्या रोगावर स्वस्त, जुनी, फुकट मिळणारी लस आहे, तो रोग. पहिला डोस नवव्या महिन्यात, दुसरा दीड वर्षाच्या आसपास. करोनाच्या दोन वर्षांत कित्येक मुलांचे हे डोस राहून गेले होते. आरोग्य सेविका रुग्ण शोधत फिरत होत्या आणि आया दवाखान्यात जायला घाबरत होत्या. दोघींचंही चुकलं म्हणवत नाही. मग केंद्राचं पथक आलं, घरोघर पाहणी झाली, नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस देण्याची मोहीम निघाली. लस चुकलेली मुलं शोधण्याचं काम पुरत्या जोरात सुरू झालं ते नोव्हेंबरात. निर्बंध उठल्याला तोवर सात महिने झाले होते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. निर्बंध उठवणाऱ्या आदेशाला दोन जोडपत्रं असलीच पाहिजेत. एकात खर्च, दुसऱ्यात साथीमुळे थांबलेली कामं. किती मुलांच्या लसी राहिल्या, किती क्षयरोग्यांचे उपचार तुटले, किती शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या, आणि हे सगळं विभागवार. आपला टी विभाग मुलुंड पश्चिमेलाच आहे. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज करून 2020 ते 2022 या काळातले लसीकरणाचे आकडे मागता येतात. माहितीच्या अधिकाराची फी दहा रुपये आहे.