पत्त्यांमधली हिंगोली



आपल्या गावाचा इतिहास पत्त्यांत सापडतो. रिसाला म्हणजे घोडदळ, पलटण म्हणजे पायदळ. तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावेही निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद कंटिन्जंटच्या छावणीची. फौज गेली, बाजार राहिला. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या. हळदीचा बाजार नावारूपाला आला. आता जुन्या पेठेतले रस्ते रुंद व्हावेत, गटारे झाकली जावीत, हे हवेच. पण नव्या संकुलांच्या नावांखाली ही जुनी नावे पुसली, तर नातवंडांना काय दाखवणार? म्हणून नगरपालिकेच्या परवानगीने प्रत्येक मोहल्ल्यात नावाचा अर्थ सांगणारी पाटी लावू. खर्च आपण वाटून घेऊ. सुरुवात रिसाल्यापासून करू.