जनरल रजिस्टर आणि डिजिटल कॅमेरा



शाळेच्या कपाटात तळाशी पडलेल्या जुन्या जनरल रजिस्टराची योग्यता एरवी कोणाच्या ध्यानात येत नाही. गावातील एखाद्या वृद्धाची जन्मतारीख, वडिलांचे नाव, जात, शाळा सोडल्याचे वर्ष, यांचा लेखी पुरावा पुष्कळदा त्यातील एका ओळीखेरीज अन्यत्र कोठेही नसतो. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा अनेक शाळांतील ही दप्तरे धूळ झटकून पुन्हा वाचली गेली. परंतु कागदाला कसर लागते, शाई विटते, पावसाळ्यात भिंतीची ओल कपाटात शिरते. छायाचित्र मूळ दप्तराची जागा घेऊ शकत नाही हे खरे. तथापि पान नाहीसे झाल्यावर त्यावर काय लिहिले होते एवढे तरी ते सांगू शकते. मात्र त्यासाठी ते वाचता आले पाहिजे, आणि हवे तेव्हा सापडले पाहिजे.

प्रथम वाचता येण्याविषयी. पांढऱ्या पानाचे छायाचित्र घेतले असता ते करडे आणि मळकट का येते, हा प्रश्न अनेकांना पडतो. दोष कॅमेऱ्याचा नसतो. समोरील वस्तू मध्यम करड्या छटेची आहे असे धरून त्यातील प्रकाशमापक हिशेब करतो. पांढरे पान दिसताच प्रकाश फार झाला असे समजून तो प्रकाश कमी घेतो. यास्तव ‘एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन’ या सोयीचा काटा अधिक एकवर, म्हणजे दुप्पट प्रकाशावर, न्यावा. येथे अतिरेकही तितकाच घातक होय. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. प्रकाश इतका वाढला की कागद आणि त्यावरील विटकी शाई दोन्ही २५५ वर जाऊन बसली, तर ते अक्षर गेलेच. पुढे संगणकावर कितीही खटपट केली तरी ते परत येत नाही. म्हणून पडद्यावर हिस्टोग्राम पाहावा. त्याचा डोंगर उजवीकडे सरकलेला असावा, पण उजव्या कडेला आपटलेला नसावा.

आयएसओ १०० किंवा २०० ठेवावा. तो वाढविल्यास चित्रात रवा दिसू लागतो. बांधणीमुळे पान मध्ये फुगते, तेव्हा ॲपर्चर एफ ८ च्या आसपास असल्यास फुगवटा आणि कडा दोन्ही स्पष्ट येतात. साहजिकच शटर मंद होते, आणि सेकंदाच्या साठाव्या भागाहून अधिक वेळ हात स्थिर राहत नाही. कॅमेरा तिपाईवर पानाशी समांतर बसवावा व दोन सेकंदांचा टायमर लावावा. फ्लॅश वापरू नये, खिडकीचा उजेड पुरतो. मोबाइलवरही पानावर बोट टेकवून उजेड कमी-अधिक करता येतो.

आता साठवणुकीविषयी, बहुतेक हानी येथेच होते. रॉ फाइलमध्ये चौदा बिटांच्या हिशेबाने १६,३८४ पायऱ्या मिळतात, पण ती फार मोठी असते आणि उघडण्यास निराळी सामग्री लागते. रजिस्टरासाठी उच्चतम प्रतीची जेपेग पुरेशी आहे. मात्र जेपेगमध्ये फेरफार करून ती पुनःपुन्हा जतन केली की दर वेळी काही तपशील गळतो. म्हणून मूळ फाइलला हात न लावता कातरकाम तिच्या प्रतीवर करावे.

कॅमेरा फाइलींना क्रमांक देतो तो ९९९९ पर्यंत. त्यानंतर पुन्हा ०००१. म्हणजे एकाच नावाची दोन निराळी पाने संभवतात. संगणक ‘जुनी बदलू का’ असे विचारतो, घाईत ‘होय’ दाबले जाते आणि पहिले पान नाहीसे होते. तेव्हा उतरवून घेताच प्रत्येक फाइलला ‘रजिस्टर०३_पान०४७’ असे नाव द्यावे. आरंभीचे शून्य निरर्थक नाही. त्याच्यामुळे पाने क्रमाने लागतात.

चुकून फाइल पुसली गेल्यास घाबरू नये. पुसताना कार्डाच्या सूचीतील नोंद तेवढी खोडली जाते. हजेरीपटावरून नाव कमी झाले तरी मूल वर्गात बसलेले असावे, तसा मजकूर बहुधा जागेवरच असतो. परंतु त्या कार्डावर आणखी एक छायाचित्र घेतले की त्याच जागेवर दुसरा येऊन बसण्याचा संभव असतो. कार्ड तत्काळ काढून ठेवावे व जाणकाराकडून मजकूर परत मिळवावा.

मेमरी कार्ड ही पिशवी आहे, कपाट नव्हे. एक प्रत शाळेच्या संगणकावर आणि दुसरी, निराळ्या हार्ड डिस्कवर, केंद्रशाळेत असावी. एकाच छपराखाली दोन प्रती ठेवणे म्हणजे एकच ठेवणे. या पानांवर लोकांची जात आणि जन्मतारीख असते, यास्तव ती गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे सर्वथा अनुचित होय. शिवाय तेथे पाठविताना चित्र आकसते ते वेगळेच. दरवर्षी जूनमध्ये नवी नावे दाखल करताना दोन्ही प्रतींतील काही पाने उघडून, मूळ रजिस्टराशी ताडून पाहावीत.