वर्तमान आणि शुभवर्तमान



मघाशी संयोजकांनी विचारलं, खिडक्या लावून घेऊ का, मागांचा आवाज येतोय. मी म्हटलं, राहू द्या. ही सोलापूरची भवानी पेठ आहे. इथल्या उपासनेलाही हीच साथ असते.

सकाळी फोन हातात घ्यायची भीती वाटते, असं आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातल्या एकीनं मला सांगितलं. कुठं प्रार्थनेच्या वेळी दाराशी जमाव, कुठं धर्मांतराची अफवा, कुठं आपल्याच मंडळीतल्या भांडणाचा व्हिडिओ. काहींनी बातम्या बघणंच सोडलं, तर काही जण आलेला प्रत्येक मजकूर तपासल्याशिवाय पुढं ढकलतात. मला दोन्हींची काळजी वाटते. आपल्या भाषेत वर्तमानपत्रातही ‘वर्तमान’ आहे आणि शुभवर्तमानातही. एकाकडं पाठ फिरवून दुसरं कसं सांगणार? याचं उत्तर मला पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसतं.

सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडनंतर केडगाव लागतं. रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत काढलेली मुलींची शाळा, शारदा सदन, पुढच्या वर्षी पुण्याला आली. मुली ख्रिस्ती धर्माकडं ओढल्या जातात म्हणून १८९३ मध्ये ‘केसरी’नं टीकेची झोड उठवली. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. टीका करणारे सगळे वाईट नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. लेकीबाळींची काळजी त्यांनाही होतीच. ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी आपली प्रार्थना लपवली नाही आणि ती कुणावर लादलीही नाही. दार उघडं ठेवून त्या प्रार्थना करत. जिला यायचं ती येई.

पण मला त्यांची त्याहून मोठी वाटणारी गोष्ट १८९७ मधली आहे. पुण्यात प्लेग होता. इस्पितळात आणि विलगीकरण छावणीत बायकामुलींचे जे हाल होत होते, त्याबद्दल रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या वृत्तपत्राला पत्र लिहिलं. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते. गप्प बसणं सोयीचं होतं. प्रश्न थेट ब्रिटिश पार्लमेंटात गेला आणि गव्हर्नर सँडहर्स्टनं आरोप फेटाळले. ज्या बाईला ‘सरकारच्या धर्माची’ म्हणून हिणवलं गेलं, तिनंच सरकारला जाब विचारला. ख्रिस्ती माणसाची निष्ठा मला तिथं दिसते. आपल्यावर अन्याय झाला की आपण सगळेच बोलतो. आपलं माणूस चुकलं की किती जण बोलतात? तुमच्या मंडळीत, तुमच्या संस्थेत तशी वेळ येईल. आणि शेजारच्या मोहल्ल्याबद्दल खोटी बातमी फिरू लागली, तर तिथंही तुम्हीच उभं राहायचं आहे.

त्याच सुमाराला मध्य प्रांतात दुष्काळ पडला होता. रमाबाई स्वतः तिकडं गेल्या आणि शेकडो मुली केडगावला घेऊन आल्या. त्यांना जेवू घातलं, अक्षरं शिकवली, माग शिकवला. हो, मागच, बाहेर ऐकू येतोय तोच धंदा.

१९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तोवर हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर चालवलं होतं. मुलगी गेल्यावरही ते थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या. त्या बायबलचे खिळे मुक्तीच्या छापखान्यात मुक्तीतल्याच मुलींनी जुळवले.