पाणी जारचं, पाणी नळाचं

इंदूरच्या सुदामानगरात सकाळी फेरी मारली, की टेम्पोतून उतरणारे निळे जार आणि थंड पाण्याचे कॅम्पर जागोजागी दिसतात. 2025 च्या डिसेंबरअखेरीस आपल्याच शहरातल्या भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं, उलट्या-जुलाबांनी माणसं दगावली. ते ऐकून ज्या घरांनी विकतचं पाणी लावलं, त्यांना मी नावं ठेवणार नाही. अशा दिवसांत सीलबंद पाणी जीव वाचवतं. प्रवासातही ते जरूर घ्यावं.

पण आपल्याकडे येतं ते खरोखर सीलबंद असतं का? वीस लिटरच्या जारवर कंपनीचं नाव, भरल्याची तारीख, बॅच क्रमांक आणि एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक हवा. झाकणाचं सील तुमच्यासमोर फुटायला हवं. लग्नाकार्यात नि दुकानांत ठेवतात त्या कॅम्परवर यातलं काहीच नसतं. पाणी गार आहे म्हणून ते शुद्ध आहे असं समजू नका. गारव्यानं जंतू मरत नाहीत.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. जारचं पाणी सहसा ओझोननं किंवा अतिनील किरणांनी निर्जंतुक करतात. त्याचा परिणाम पुढे टिकत नाही. एकदा जार उघडला, तोटीला ओले हात लागले, की शिरलेल्या जंतूंना अडवायला आत काही नसतं. नळाच्या पाण्यात थोडं क्लोरीन शिल्लक ठेवतात ते याचसाठी. म्हणून उघडलेला जार दोन-तीन दिवसांत संपवा आणि बदलताना तोटी धुऊन घ्या. तान्ह्या बाळाचं वरचं दूध कालवायला जारचं पाणीसुद्धा उकळूनच वापरा.

प्लॅस्टिकचाही विचार करायला हवा. 2024 साली कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना बाटलीबंद पाण्यात लिटरमागे सरासरी सुमारे 2 लाख 40 हजार सूक्ष्म प्लॅस्टिककण सापडले. या कणांनी शरीराचं नेमकं काय होतं, यावर अजून अभ्यास चालू आहे. तेवढ्यानं घाबरून जाऊ नये, पण उन्हात तापलेल्या गाडीतली बाटली मात्र तोंडाला लावू नये.

माझं स्पष्ट मत आहे, की रोजच्या घरखर्चात जार हा कायमचा उपाय नव्हे. नर्मदेचं पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून, विंध्याचा घाट चढून आपल्यापर्यंत येतं. 1978 पासून या शहरानं त्यावर केवढा खर्च केला आहे! ते चांगलंच मिळालं पाहिजे, असा आग्रह आपण सोडता कामा नये.

घरी एक तपासणी करता येते. क्लोरीन तपासायचं छोटं किट आणा. नळीत पाणी घ्या, किटमधले ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाका. पिवळसर छटा आली तर क्लोरीन आहे. लाइनचा नळ आणि गच्चीवरच्या टाकीचा नळ, दोन्हीकडचं पाणी वेगवेगळं तपासा, आणि तपासलेलं पाणी फेकून द्या. आपल्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. हौदात, टाकीत साठून क्लोरीन उडून जातं. लाइनला पिवळं आणि टाकीला कोरं दिसलं, तर टाकी घासा आणि पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर उकळू द्या. लाइनलाच रंग आला नाही, तर ‘इंदौर 311’ अ‍ॅपवर तक्रार नोंदवा, शेजाऱ्यांनाही नोंदवायला सांगा. आणि नळाला गटाराचा वास आला, तर ते पाणी उकळूनही पिऊ नका. लाइन दुरुस्त होईपर्यंत सीलबंद जारच आणा.