पंचेचाळीस दिवस

माझ्या फुफीचे लग्न १९४६ साली झाले. नवरा कराचीच्या बंदरात नोकरीला. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. त्यामुळे आमच्या वडूजच्या माणसांना कराची म्हणजे बोटीने जायची दुसरी मुंबईच वाटे. लेक परदेशी दिली असे माझ्या आजीला वाटलेही नव्हते. पुढच्याच वर्षी ती परदेशी झाली. १९४८ मध्ये परवाने आले, १९५२ मध्ये पासपोर्ट.

फुफी एकदाच आली, १९८३ साली. मी बारा वर्षांचा होतो. तेव्हा १९७४ च्या करारानुसार व्हिसा मिळे. त्यावर गावांची नावे लिहिलेली असत आणि गेल्या-आल्याची पोलिसांत नोंद करावी लागे. तिच्या कागदावर मुंबई, पुणे, सातारा अशी तीन नावे होती. वडूज सातारा जिल्ह्यातच, म्हणून अब्बा निर्धास्त होते. नोंदणीच्या वेळी कळले, सातारा म्हणजे सातारा शहर.

मग वडूजच साताऱ्याला गेले. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि आम्ही सतराजण एसटीने निघालो. फुफीने पहिला प्रश्न विचारला, ''येरळेला पाणी आहे का रे?'' रात्रभर ती अम्मीबरोबर जात्यावरच्या ओव्या म्हणत होती. कराचीत त्या ऐकणारे घरात कुणी उरले नव्हते. मी पुढे मराठीत कविता लिहू लागलो, त्याचे बीज त्या रात्रीत आहे. आजीची कबर मात्र तिला पाहता आली नाही. एसटीने जेमतेम दोन तासांची वाट होती.

सप्टेंबर २०१२ मध्ये दोन्ही देशांनी नवा करार केला. तीनऐवजी पाच गावे आणि पासष्टीपुढच्यांना अटारी-वाघा सीमेवरच पंचेचाळीस दिवसांचा व्हिसा! फुफी तेव्हा त्र्याऐंशी वर्षांची होती. फोनवर म्हणाली, ''बाळा, आता वडूज लिहून मागता येईल ना?'' ज्येष्ठांची ही सवलत जानेवारी २०१३ मध्ये सुरू व्हायची होती. सीमेवर जवान मारले गेले आणि ती लांबणीवर पडली. फेब्रुवारीत फुफी गेली.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला निरपराध माणसे मारली गेली. त्यानंतर व्हिसा रद्द झाले, अटारीचे दार लागले. ज्यांच्या घरची माणसे गेली, त्यांच्यापुढे माझ्या फुफीचे दुःख मी मांडणार नाही. दारावर पहारा हवाच. कागद तपासा, पिशव्या तपासा, हवे तर दोनदा तपासा.

पण श्रोतेहो, दारे पुन्हा उघडण्याची बोलणी कधी झालीच, तर सुरुवात पासष्टीपुढच्यांपासून व्हावी. व्यापार थांबू शकतो, क्रिकेट थांबू शकते. ऐंशी वर्षांच्या बहिणीला थांबायला वेळ नसतो. आणि तिच्या कागदावर शहराबरोबर तिचे गावही लिहावे.