न दिसणारी लुकलुक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. व्याख्यानाची मला सवय नाही. पण एक कबुली द्यायची आहे. 2023 साली मी मंडळाचे हिशेबाचे काम सोडले, तेव्हा घरचे काम वाढले असे सांगितले होते. ते कारण खोटे होते. खरे कारण आज सांगते, म्हणजे कुणाला तोच त्रास असेल तर तिने तो माझ्यासारखा लपवू नये.

आपला हिशेब वहीतून फोनमध्ये आला. कापूस वेचणीच्या दिवसांत दिवसा सवड नसे, म्हणून रात्री सगळी निजल्यावर मी फोन घेऊन बसे. पंधरा-वीस मिनिटांत डोळ्यांमागे ठणका लागे, मळमळे, अक्षरे पाण्यात पडल्यासारखी हलत. यवतमाळला डोळे तपासून घेतले. चष्म्याचा नंबर बरोबर, डोळ्यांत दोष नाही. मग घरात 'कामाचा कंटाळा' असे ऐकले, आणि गटावरच्या निरोपांना उत्तर देत नाही म्हणून 'आता ती मोठी झाली' असेही कानावर आले. मी गप्प राहिले. दोषच सापडत नाही, तर दुखणे दाखवावे कुणाला?

उलगडा माझ्या मुलीने केला. तिने विचारले, "आई, दिवसा ओसरीत फोन पाहतेस तेव्हा दुखते का?" तेव्हा दुखत नसे. रात्री मात्र कुणाची झोपमोड नको आणि डोळ्यांनाही बरे, म्हणून मी पडद्याचा उजेड अगदी मंद करी. दुखण्याचे मूळ नेमके तिथे होते!

समईची वात खाली सारली की ज्योत लहान होते. आजच्या पुष्कळ फोनांत, विशेषतः ओलेड पडद्याच्या, तसे होत नाही. तिथे उजेडाची सारखी उघडझाप चालते, सेकंदाला दोन-अडीचशे वेळा किंवा त्याहूनही अधिक. विझलेला वेळ वाढवला की आपल्याला उजेड मंद वाटतो. डोळ्यांना ही लुकलुक दिसत नाही, पण काही जणांना तिचा शीण होतो. अर्धशिशी असणाऱ्यांना लुकलुकत्या उजेडाचा त्रास अधिक होतो, आणि माझी अर्धशिशी माहेरापासूनची आहे. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेडही सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. हलक्या प्रतीच्या एलईडी बल्बांतही हेच आढळते.

याची परीक्षा घरच्या घरी होते. अंधाऱ्या खोलीत मंद केलेल्या पडद्यापुढे झाडूची एक काडी भरभर हलवावी. सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक. एकीच्या अनेक सुट्या काड्या दिसल्या तर उजेड तुटक आहे. नवा फोन घेताना मी दुकानात काडी घेऊनच गेले. दुकानदार हसला, पण मला सोसणारा फोन मिळाला.

आता मी उजेड फार खाली नेत नाही. खोलीतला दिवा लावूनच फोन हाती घेते. दहा मिनिटे झाली की उठून अंगणात लांब पाहते. काही फोनांच्या सेटिंगमध्ये ही लुकलुक कमी करण्याची सोय असते, ती मुलांकडून पाहून घ्यावी. मोठा मजकूर असेल तर मी कागदावर छापून आणते. त्रास मुळापासून गेला नाही, पण आवाक्यात आला आहे.

एक गोष्ट मात्र याहून निराळी आणि गंभीर आहे. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानात 'पोकेमॉन' या चित्रमालिकेत लाल-निळा उजेड झपाझप लुकलुकला आणि सुमारे 685 मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. काहींना झटके आले होते. ती लुकलुक डोळ्यांना दिसणारी होती. अशा उजेडाने एखादे पोर भानावरून गेले किंवा त्याला झटका आला, तर नजर उतरवत बसू नये, डॉक्टरांकडे न्यावे.

शेवटी मंडळाला एक विनंती. फोन खुशाल वापरावा, पण वही मोडीत काढू नये. जिला पडदा सोसत नाही तिला निरोप तोंडी सांगावा, आणि ती गप्प असली तर आधी तब्येत विचारावी. हिशेबाची वही मी पुन्हा हाती घ्यायला तयार आहे. तरुण सुनांपैकी कुणीतरी ते आकडे फोनमध्ये चढवावेत. दोघी मिळून काम होईल, आणि हिशेबही दोनदा तपासला जाईल.

आपण शांतपणे ऐकून घेतले, मनावरचे ओझे उतरले.